अकरा सेकंद कोणी नाही

१

संध्याकाळी सहाच्या सुमारास मी लॅच उघडते, दार ढकलते, आणि आतून बाबा विचारतात, "कोण?"

"मी."

"आणि?"

"आणि कोणी नाही."

मग ते पाय आवरून घेतात, मी त्यांच्यासमोरून आत जाते आणि ते पाय पुन्हा लांब करतात.

आमचा पॅसेज इतका अरुंद आहे की एका बाजूला चपलांचा स्टँड आणि दुसऱ्या बाजूला बाबांची खुर्ची ठेवली की मध्ये एका माणसापुरतीच जागा उरते, आणि तीही बाबांच्या पायांनी अडलेली असते. काचबिंदूने त्यांची नजर गेल्यापासून ते दिवसभर तिथेच बसतात. जिन्यावरची पावलं तिथून नीट ऐकू येतात म्हणे. खुर्ची हॉलमध्ये न्यावी म्हणून मी तीनदा भांडले आणि तीनदा हरले. म्हातारी माणसं ऐकत नाहीत, फक्त उत्तर द्यायला थांबलेली असतात.

'आणि?' हा प्रश्न आईच्या वेळचा. ती वाचनालयात कामाला होती. आम्ही दोघी एकाच बसने यायचो. मी म्हणायचे, "मी", आणि मागून ती म्हणायची, "आणि मी." तिला जाऊन आठ महिने झाले, पण बाबांचा 'आणि' काही गेला नाही. मी रडले नाही. नातेवाइकांना ते पाठ आहे. मला राग येतो तेवढा येतो, बाकी काही येत नाही, आणि तसं असलं की कामं मात्र भराभर होतात.

एक तारखेला मी हे घर सोडणार होते. दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती, माझ्याच कामाची, पण मोठी. अंध बाप एकटा राहू शकेल का, एवढाच प्रश्न होता. रोज सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक करून जाणार होती. उरलेल्या दिवसाचं काय, हे मला कोणी विचारलं की मी चिडायचे, कारण उत्तर नव्हतं.

त्या मंगळवारी मी आत आले. कोण, मी, आणि, कोणी नाही. बाबांनी पाय आवरले. मी समोरून गेले, स्वयंपाकघरात पिशवी ठेवली, नळ सोडला, हात धुतले. मागे वळून पाहिलं तर त्यांचे पाय अजून आवरलेलेच होते.

मग त्यांनी ते सावकाश लांब केले. कोणीतरी नीट आत जाईपर्यंत थांबावं, तसे.

२

मी अंध प्रेक्षकांसाठी सिनेमाचं वर्णन लिहिते आणि वाचते. दोन संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत माझा आवाज येतो: ती जिना चढते. मागचं दार हलतं. आवाजात भावना आणायची नाही आणि अंदाज सांगायचे नाहीत. दिसतं तेवढंच सांगायचं. आठ महिन्यांत हे काम मला फार चांगलं जमायला लागलं होतं.

स्टुडिओत तेव्हा जुने भयपट चालू होते, काळे-पांढरे. ते वर्णन करायला अवघड असतात, कारण त्यांत सांगण्यासारखं घडतच नाही. नायिकेचा चेहरा अगदी जवळून दिसतो आणि त्याच्या पलीकडे एक धूसर दार. डोळसाची नजर आपोआप त्या दाराकडे जाते. अंधाला मी 'मागे दार आहे' म्हटलं की झालं, चुगली केल्यासारखं होतं. किंवा कॅमेरा एकदम कपाटाआडून, खालून बघायला लागतो. म्हणजे कोणीतरी बघतंय. पण कोणीतरी दिसत तर नाही! मग सांगायचं काय?

त्यातला एक सिनेमा बाबांनी संकलित केलेला होता. बाबा संकलक होते. हातात कात्री, गळ्यात फिल्मच्या पट्ट्या, लहानपणी मला वाटायचं ते शिंपी आहेत.

त्यांच्या सिनेमात साधारण मध्यावर एक रिकामा पॅसेज येतो. संगीत थांबतं. आधी चालू असलेली नळाची टपटपही थांबते. कॅमेरा हलत नाही. पॅसेज, टोकाला दार, जमिनीवर उजेडाचा पट्टा. हे अकरा सेकंद चालतं. मग कट, आणि सकाळ.

नियमाप्रमाणे तिथे गप्प बसायचं. पण अकरा सेकंद पूर्ण शांतता म्हणजे ऐकणाऱ्याला वाटेल मशीन बंद पडलं. म्हणून मी लिहिलं: 'रिकामा पॅसेज. पॅसेजमध्ये कोणी नाही.' त्या मंगळवारी दुपारी चार वाजता मी ते वाचलं. वेळ नक्की सांगता येते, कारण रेकॉर्डिंगवर ती छापलेली असते.

आमचं काम तपासायला एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर येतात, जन्मांध. सगळे त्यांना कानसेन म्हणतात. बुधवारी ते ऐकायला बसले. काचेपलीकडे आमचा ध्वनिमुद्रक होता. तो माणसाकडे न बघता मीटरकडे बघतो, म्हणून त्याचं नाव मीटर.

"काय हो कानसेन, घाबरलात का?" मीटरने विचारलं.

"अंधारात घाबरवताय होय मला? मी तिथलाच रहिवासी." ते हसले, मग थांबले. "पोरी, ती पॅसेजची ओळ काढ."

मला 'पोरी' म्हटलेलं चालत नाही. "का? बरोबर आहे ती. तिथे कोणी नाही."

"हं. पुन्हा म्हणालीस."

"काय?"

"तू नुसतं 'रिकामा पॅसेज' म्हण, मला भिंती दिसतात. तू म्हणालीस 'कोणी नाही', की मला ते दिसतं."

"ते म्हणजे कोण?"

"मला काय विचारतेस? ओळख तू करून दिलीस."

मीटर खो खो हसला. मी ओळ काढली नाही. चूक नसलेली गोष्ट केवळ वयाचा मान ठेवून बदलायची, हे मला पटत नाही.

३

"अकरा सेकंद का ठेवलेत?" मी त्या संध्याकाळी बाबांना विचारलं.

त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. "दिग्दर्शक चारच म्हणत होता. भांडलो त्याच्याशी. अगं, चार सेकंद लोक बघतात. सात सेकंद झाले की शोधतात. अकरा झाले की कोणाला तरी आणून ठेवतात. मग कापायचं. त्यांनी ठेवलेलं माणूस तिथेच राहिलं पाहिजे, आपण ते उचलायचं नाही."

"आणि ते घरी घेऊन जातात."

"तिकीट काढलंय त्यांनी. नेतील की!"

तेवढ्यात आत्याचा फोन आला. तिचा फोन म्हणजे मुलाखत.

"जाणारच आहेस का तू?"

"हो."

"आंधळ्या बापाला टाकून?"

"आत्या, तू ये ना राहायला. तुझाच भाऊ आहे."

"माझे गुडघे..."

"मग गुडघ्यांना सांग, माझ्या बापाची काळजी करू नका."

फोन ठेवला तेव्हा बाबा हसत होते. "तू जा गं. तिचं मनावर घेऊ नकोस. मी एकटा कुठे आहे?"

"कोण असतं मग?"

"कोणी नाही असतं ना."

विनोद असावा म्हणून मी सोडून दिलं. सिनेमावाल्या माणसाला वाक्य अर्धवट तोडायची सवय असते. पण त्या संध्याकाळीही मी आत आल्यावर त्यांचे पाय आवरलेलेच राहिले होते. मी स्वयंपाकघरातून मोजलं. मोजायची मला सवय आहे, घड्याळ लागत नाही.

अकरा.

४

नजर गेली की मेंदू स्वतःच चित्रं काढतो, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. घाबरू नका, वेड नाही, होतं तसं. मी स्वतःला तेच सांगितलं. फक्त बाबांना काही दिसत नव्हतं. ते वाट देत होते. चित्राला कोणी वाट देत नाही.

शनिवारी मला सुट्टी होती. बाजारात जाऊन येते म्हणून निघाले आणि जुना फोन चपलांच्या स्टँडवर उभा करून ठेवला, चित्रीकरण चालू. बापाच्या नकळत बापाचं चित्रीकरण करणं चांगलं नाही, हे मला कळतं. पण मला कारण हवं होतं. एक तारखेला सहा दिवस उरले होते. बाबांचं डोकं फिरत असेल तर मी जाऊ शकत नव्हते.

एक वाजता परत आले. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून बघितलं. बाहेर लख्ख ऊन होतं, खालच्या वर्कशॉपमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं.

बराच वेळ काहीच नाही. बाबा, रेडिओ, लांब केलेले पाय. मग बाबांनी हात वर करून रेडिओ बारीक केला.

"कोण?" ते बंद दाराला म्हणाले.

दार उघडलं नाही. कोणी बोललं नाही. उत्तराला लागतो तेवढा वेळ बाबा थांबले, त्यांनी मान हलवली आणि पाय आवरून घेतले. थोड्या वेळाने लांब केले. मग आतल्या दिशेला तोंड करून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "उकडतंय फार. पंखा लाव हवं तर."

पंखा लागला नाही. मी त्या आवाजाची वाट बघत होते, हे मला नंतर कळलं.

मग मी तेवढाच तुकडा पुन्हा लावला. या वेळी बाबांकडे नाही, त्यांच्यामागे बघत होते. आमचा पॅसेज. टोकाला स्वयंपाकघराचं दार. दारातून येणारा उजेडाचा पट्टा फरशीवर पडलेला. कॅमेरा हलत नव्हता. चार सेकंद मी बघितलं. सात सेकंद होईस्तोवर शोधलं.

आठव्या सेकंदाला पट्टा तुटला.

ढग आला की पट्टा सगळाच फिका होतो. हा दोन्ही बाजूंना तसाच होता, मधून तेवढा गेला. एका माणसापुरता.

मी नवव्या सेकंदाला बंद केलं. फोनमधून ते पुसून टाकलं. मग वळून खऱ्या पॅसेजकडे बघितलं, तिथे बाबा होते, त्यांचे पाय होते, पट्टा अखंड होता, आणि माझ्या डोक्यात माझाच आवाज शांतपणे, भावना न आणता म्हणाला: पॅसेजमध्ये कोणी नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं, मी ते कसं म्हणते.

५

"आईच येते असं वाटतं का तुम्हाला?" मी विचारलं. विचारायला कठीण जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

"छे!" बाबा जवळजवळ चिडले. "चाळीस वर्षं तिची पावलं ऐकली. ती टाचा घासायची. ही ती नाही."

"मग कोण?"

"सांगितलं ना. रोज तूच तर सांगतेस."

"बाबा, ते उत्तर आहे. नाव नाही."

"असेल बुवा." ते शांत झाले. "तू बोलावतेस, ते येतं. आपण वाट द्यायची. त्रास नाही काही. बसतं आत. तू जायच्या आधी ओळख झाली हे बरंच झालं, नाहीतर दिवस खायला उठला असता मला."

डॉक्टरांना फोन करायला हवा होता. मी केला नाही. त्याचं कारण सरळ लिहिते. बाबा खूश होते, नीट जेवत होते, औषधं वेळेवर घेत होते. मला जायचं होतं. त्या रात्री आत्याचा फोन आला तेव्हा मी तिला म्हणाले, "ते एकटे नसतील, व्यवस्था झालीय."

"कोणाची?"

मी फोन ठेवला.

६

सोमवारी मी मीटरला म्हटलं, "ती ओळ काढ."

"अरे वा! मॅडम, तुम्ही? म्हाताऱ्याचं ऐकून?"

"काढ रे."

त्याने पडद्यावर माझ्या आवाजाचा तो लहानसा डोंगर निवडला आणि एक कळ दाबली. डोंगराच्या जागी सपाट रेघ राहिली. एवढंच. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

कानसेन आले, कानांवर हेडफोन चढवून त्यांनी तो भाग ऐकला. अकरा सेकंद आम्ही तिघंही गप्प होतो.

"काढलीस. छान." त्यांनी हेडफोन उतरवले. "आता नाही तिथे."

"बघा," मी म्हणाले.

"गेलं," ते म्हणाले.

"कुठे गेलं?"

"पोरी, मला कसं दिसणार ते?" आणि ते मोठ्याने हसले. मीटरही हसला. मी 'पोरी' म्हटल्याबद्दल काही बोलले नाही.

त्या संध्याकाळी मी लॅच उघडला. ठरवून आले होते.

"कोण?"

"मी."

"आणि?"

मी गप्प राहिले. दारातच उभी राहिले, पाऊल आत टाकलं नाही. बाबांनी मान किंचित वर केली. चार सेकंद. बाहेर जिन्यावर कोणी नव्हतं. सात. बाबांनी पाय आवरले. ते आवरलेलेच राहिले, मी मनात मोजत राहिले, मग ते लांब झाले.

"आत गेलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही. दारातच आहे."

"मग आत्ता आत कोण गेलं?"

या प्रश्नाचं एकच खरं उत्तर आहे. ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "वारा असेल."

"वाऱ्याला मी पाय आवरतो का?" ते म्हणाले, आणि ही फार जुनी गंमत असल्यासारखे हसले.

७

एक तारखेला सकाळी मी दोन बॅगा भरल्या. स्वयंपाकाच्या बाईला गॅस, औषधं, सुटे कपडे, सगळं दाखवलं. ती ओट्याशी लागली. बाबांच्या फोनवर माझा नंबर एक आकड्यावर लावून दिला.

बाबा खुर्चीत होते. मी जवळ गेले. काय बोलायचं असतं ते मला सुचलं नाही. आईच्या वेळीही सुचलं नव्हतं.

"निघालीस?"

"हो."

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

तोंडातून गेलं. सवयीने. आवाजात भावना न आणता.

बाबांच्या कपाळावर बारीक आठी पडली. काही विचारतील असं वाटलं. "असं," एवढंच म्हणाले आणि त्यांनी पाय आवरून घेतले. मी दोन बॅगा घेऊन तिरकी होत त्यांच्यासमोरून गेले, दाराबाहेर आले, जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून मागे पाहिलं.

त्यांचे पाय आवरलेलेच होते. तोंड माझ्याकडे नव्हतं, आतल्या बाजूला होतं. मी जिना उतरायला लागले तेव्हा वरून खुर्ची करकरली आणि मग दाराचा लॅच पडला.

८

नवी खोली लहान आहे. पलंगावर भिंतीला टेकून बसलं की पाय समोरच्या टेबलाला लागतात, आणि खिडकीकडे जायचं तर ते ओलांडूनच जावं लागतं. फोनला आत रेंज येत नाही, म्हणून बोलताना दार उघडं ठेवावं लागतं. दाराबाहेर लांब व्हरांडा आहे, दुपारी तिथे ऊन येतं.

नवं काम चांगलं आहे. इथे मला कोणी पोरी म्हणत नाही.

रविवारी दुपारी तीन वाजता बाबांचा फोन आला.

"जेवलात?"

"जेवलो."

"बाई येते ना?"

"येते. नऊला येते, दहाला जाते. चांगली आहे." मागे रेडिओ चालू होता. "खुर्ची हॉलमध्ये नेली गं मी."

"का? मी म्हणत होते तेव्हा ऐकलं नाहीत."

"तिथे बसून काय करायचं? तू गेल्यापासून 'कोणी नाही' येत नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रोज विचारतो दाराला. पाय आवरून बसतो." त्यांचा आवाज बारीक झाला होता. असा आवाज मी आई गेली तेव्हाही ऐकला नव्हता. "दिवस फार मोठा असतो गं. इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. तुझ्याबरोबर आलंय का बघ जरा."

"बाबा..."

"बघ ना. असेल तर असू दे. पण मला सांग."

दिसतं तेवढंच सांगायचं. मी दाराकडे बघितलं. व्हरांडा, टोकाला जिना, फरशीवर उन्हाचा पट्टा. काहीही हलत नव्हतं. पलीकडे बाबा श्वास धरून वाट बघत होते.

चार सेकंद मी बघितलं.

सात होईस्तोवर शोधलं.

मग फोन कानाला तसाच धरून मी पाय आवरून घेतले.